आप्पांना मुंबईला कसं न्यायचं

आप्पांच्या कपाळाला मागाचा धोटा लागल्याला अजून पुरता दिवसही उलटला नव्हता, आणि तेवढ्यात योगराज आणि वाल्मिक या दोघा भावांनी त्यांना मुंबईला न्यायला एक विमान आणि एक हेलिकॉप्टर उभं केलं होतं. दोन्ही बोलण्यात उभी होती. प्रत्यक्ष जमिनीवर दोन्हींपैकी एकही नव्हतं.

त्यांची बहीण उज्ज्वला दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावरच्या बाकावर बसून हे ऐकत होती. काल दुपारी डिंडोलीच्या शाळेत चौथीच्या वर्गावर असताना शिपाई निरोप घेऊन आला, तेव्हापासून ती इथेच होती. तिच्या शेजारी तिचा नवरा सुकदेव बसला होता. तोही शिक्षक. आयुष्यात त्याने कुणाचं बोलणं खोडून काढलेलं उज्ज्वलाला आठवत नव्हतं.

"दाजी, तुम्हीच सांगा," योगराज म्हणाला. "छगनशेठ स्वतः फोनवर बोलले. मुंबईहून त्यांच्या व्याह्यांचं विमान येणार. मगदल्ल्याच्या धावपट्टीवर उतरेल, आप्पांना घेईल आणि तासाभरात मुंबई. एवढा मोठा कापडाचा व्यापारी आपल्या बापासाठी विमान पाठवतो, याला नाही म्हणायचं?"

"नाही कसं म्हणणार," सुकदेव म्हणाला.

"दाजी, पण विमान उतरणार सांताक्रूझला," वाल्मिक लगेच पुढे सरकला. "तिथून दवाखान्यापर्यंत पुन्हा गाडी, पुन्हा ट्रॅफिक. आमच्या कंपनीचं हेलिकॉप्टर दवाखान्याजवळच्या मैदानात उतरवता येतं. साहेबांनी शब्द दिलाय."

"तेही खरंच आहे," सुकदेव म्हणाला.

उज्ज्वलाने नवऱ्याकडे पाहिलं. तो चष्मा पुसायला लागला.

घराची वाटणी झाल्यापासून हे दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. उधन्याचे माग योगराजकडे राहिले, आईबापही त्याच्याकडे राहिले, आणि धाकटा वाल्मिक हजिऱ्याच्या कंपनीत कारकुनी धरून अडाजणला वेगळा झाला. दोन दिवाळ्या गेल्या, एकाने दुसऱ्याच्या घरचा फराळ खाल्ला नव्हता. आज मात्र दोघांना वाचा फुटली होती. फक्त दोघंही बोलत होते दाजींशी, समोरासमोर उभं राहून.

"दाजी, त्याला विचारा, हेलिकॉप्टर येणार कधी?"

"उद्या सकाळी. परवानगीचा फॅक्स गेलाय. आणि दाजी, त्याला विचारा, त्याचं विमान कधी?"

"दुपारपर्यंत. पायलट जेवला की निघेल."

"म्हणजे बापाचा जीव पायलटच्या जेवणावर!"

"उद्यापेक्षा बरा!"

"हळू बोला," उज्ज्वला म्हणाली. "आत आप्पा झोपलेत."

आप्पा झोपलेले नव्हते. सगळं ऐकत होते, हे तिला नंतर कळलं.

झालं होतं ते असं. मगनआप्पा काल कारखान्यात ताण्याचा तुटलेला धागा जोडायला वाकले होते. मागाशी उभं राहण्याचं त्यांना आता काही कारण नव्हतं, माणसं होती कामाला. पण अमळनेरकडून पोटासाठी सुरतेत आलेला, मागावर राबता राबता मालक झालेला हा माणूस. त्याला खुर्चीत बसवत नसे. शेजारच्या मागाचा धोटा उसळून बाहेर आला आणि त्याचं लोखंडी टोक त्यांच्या उजव्या भुवईवर बसलं. आप्पा पडलेसुद्धा नाहीत. गमछा दाबून धरून स्वतःच्या पायांनी रिक्षात बसले. "टाका घालीसन येस," असं जॉबरला, मागांवरच्या मुकादमाला, सांगून गेले. दवाखान्यात पोहोचेपर्यंत डोळा सुजून बंद झाला होता, आणि संध्याकाळपासून नाकातून पाण्यासारखं पातळ काहीतरी ठिबकत होतं. त्यांची बायको शोभाबाई ते पदराने पुसत राहिल्या. थंडीचे दिवस आहेत, सर्दी झाली असेल, असं त्यांना वाटलं.

ती सर्दी नव्हती. सकाळी स्कॅनची फिल्म दिव्यासमोर धरून डॉक्टर नायकांनी उज्ज्वलाला समजावलं होतं. योगराज तेव्हा खाली एसटीडी बूथवर छगनशेठना फोन लावत होता आणि वाल्मिक दुसऱ्या बूथवर साहेबांना. बाकावर असलेली दोघंच, उज्ज्वला आणि सुकदेव, आत गेली होती.

नायक मूळचे नवसारीकडचे, पण शिकले मुंबईत. मराठी बोलत, मधूनच गुजरातीत शिरत.

"जुओ बेन," ते म्हणाले, "कपाळाचं हाड आत मोडलंय. मेंदूवरचं आवरण फाटलंय. नाकातून येतंय ते मेंदूभोवतीचं पाणी आहे. हे शिवायला पाहिजे, आणि ते शिवणारे हात माझ्याकडे नाहीत. मुंबईला माझ्या ओळखीचे सर्जन आहेत, त्यांच्याशी बोललोय, ते थांबलेत. आज निघा. जितका उशीर, तितकी आत जंतू शिरायची भीती."

"भाऊ विमानाची सोय करतोय," उज्ज्वलाने सांगितलं होतं.

डॉक्टरांनी फिल्मवर बोट ठेवलं. पांढऱ्या करड्या रंगात एक काळा डाग होता, चिंचोक्याएवढा.

"ही हवा आहे. नाकातून वर शिरली आणि कवटीत अडकली. तुम्ही कधी सापुताऱ्याला गेलात?"

"शाळेची सहल घेऊन गेले होते."

"वेफरचं पाकीट नेलं होतं बरोबर? घाट चढताना ते कसं फुगतं?"

तिला ते फुगलेलं पाकीट आठवलं.

"तसंच. विमान वर चढलं की ही हवा फुगणार. पाकिटाला फुगायला जागा असते, कवटीला नसते. मेंदू दाबला जाईल. वाटेत काही झालं तर वर कोण काय करणार?"

"आणि हेलिकॉप्टर?"

"ते खालून उडतं. कदाचित काही होणार नाही. कदाचित. पण ते आज नाहीये ना? मी असतो तर गाडीने नेलं असतं. डोकं उंचावर ठेवून, हळू. आठ तास लागतील, धक्के बसतील, त्यातही धोका आहेच. बिनधोक रस्ता मी तुम्हाला देऊ शकत नाही. आमची अँब्युलन्स खाली उभी आहे, बरोबर डॉक्टर मानसीला पाठवतो. ठरवा लवकर."

एवढं सांगून ते शस्त्रक्रियेला आत गेले. दार बंद झालं आणि त्यावरचा लाल दिवा लागला.

आता उज्ज्वलाने हे सगळं भावांना सांगितलं. पाकिटासकट सांगितलं. चौथीच्या पोरांना समजेल अशा भाषेत सांगितलं, कारण तिला दुसरी भाषा येत नव्हती.

योगराजने पूर्ण ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "ताई, वेफरचं काय घेऊन बसलीस?"

"मी नाही, डॉक्टर घेऊन बसले."

"डॉक्टर लोक घाबरवतातच. यांच्या अँब्युलन्सचं भाडं बुडतं ना. छगनशेठचे भाऊ हार्टचे पेशंट होते, विमानाने नेले, आज मार्केटमध्ये बसतात."

"त्यांच्या डोक्यात हवा होती का?"

"तुझ्या डोक्यात आहे!" योगराज उसळला. "माझ्या बापाला मी सडकेवरून हाडं खिळखिळी करत नेऊ? लोक काय म्हणतील? शेठ काय म्हणतील? स्वतः होऊन विमान दिलं, आणि आम्ही सांगायचं, राहू द्या, आमच्याकडे खटारा आहे?"

"लोक काय म्हणतील ते नंतर बघू. आप्पा काय म्हणायच्या स्थितीत राहतील का, ते बघ."

वाल्मिक इतका वेळ गप्प होता. उज्ज्वलाला आशा वाटली. हा शिकलेला, कंपनीत काम करणारा. हा तरी ऐकेल.

"ताईचं बरोबर आहे," तो म्हणाला. "विमान नकोच."

"बघ!" ती म्हणाली.

"हेलिकॉप्टरच बरं. डॉक्टरसुद्धा म्हणाले ना, काही होणार नाही?"

"'कदाचित' म्हणाले!"

"म्हणजे विमानापेक्षा चांगलंच ना. उद्या सकाळपर्यंत थांबायचं."

"अरे, थांबू नका म्हणाले! जंतू शिरतील म्हणाले!"

"अँटिबायोटिक चालू आहेत की, ताई."

उज्ज्वलाने कपाळावर हात मारला. वर्गात चाळीस पोरं एका वेळी बोलतात तेव्हाही तिला इतकं हताश वाटत नसे. पोरांना निदान छडी दाखवता येते. "अहो, तुम्ही होतात ना आत?" ती सुकदेवला म्हणाली. "तुम्ही सांगा यांना काय सांगितलं डॉक्टरांनी."

सुकदेवने घसा साफ केला. "डॉक्टर म्हणाले की गाडीने न्यावं. पण योगराजभाऊंची शेठजींपुढे अडचण होते, तेही समजण्यासारखं आहे. आणि वाल्मिकराव म्हणतात त्यातही..."

"पुरे," उज्ज्वला म्हणाली.

ती उठली आणि आप्पांच्या खोलीत गेली. ज्यांचं डोकं, त्यांनाच विचारावं.

आप्पा उशांना टेकून बसल्यासारखे निजले होते. उजव्या डोळ्यावर पट्टी, कपाळ सुजून चकचकीत. पायांशी शोभाबाई. खाटेजवळ एक तरुण डॉक्टर, मानसी, सलाइनची नळी तपासत होती.

"आप्पा, कसं वाटतं?"

"माले इमानमां बसानं शे," आप्पा म्हणाले.

उज्ज्वला खाली बसली.

"मन्हा डोकाले धोटा लागना, कानले नही," ते म्हणाले. आवाज बारीक होता, पण शब्द स्वच्छ. "सगळं आयकं मी. आयुष्यभर वर दखं, इमान जास, जास. एक डाव बसानं शे. मरनं व्हई ते वर मरसू."

"आप्पा, तुमच्या डोक्यात हवा शिरलीय. विमान वर गेलं की..."

"ते बी आयकं. पाकीट." त्यांनी उघडा डोळा तिच्यावर रोखला. "मी पाकीट शे का?"

डॉक्टर मानसी हसू दाबत खिडकीकडे वळली. उज्ज्वलाला हसूही येईना आणि रडूही येईना. लहानपणी आप्पांनी तिला शाळेत घालायला भावकीशी भांडण केलं होतं. तेव्हाही ते असंच बोलले होते, एक वाक्य, आणि पुढे काही नाही. त्या हट्टावर ती शिकली. आता त्याच हट्टापुढे तिचं शिक्षण निकामी होतं.

दोघे भाऊ दारात येऊन उभे राहिले होते. बापाचं बोलणं ऐकून योगराजचा चेहरा उजळला.

"झालं! आप्पाच म्हणतात. मी शेठना फोन करतो. विमानात पेशंटला आडवं करतात आणि बरोबर एक माणूस बसतो. मी जातो. बाकीचे मागून ट्रेनने या."

शोभाबाई इतका वेळ एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी मान वर केली.

"कितला मानसं?"

"एक, माय. जागा नसते."

"आनि मी?"

"तू ट्रेनने ये ना ताईबरोबर. संध्याकाळी पोचशील."

शोभाबाई उठल्या. ठेंगण्या, वाळक्या, नाकात मोरणी. आयुष्यभर या माणसांच्या गोंगाटात त्यांचा आवाज कुणी नीट ऐकला नव्हता.

"मन्हा माणूस शे तो," त्या म्हणाल्या. "कोनी इचारं का माले? तू वर जाशी, मी खाले ऱ्हासू, आनि मधमां त्यास्ले काही व्हयनं तर? त्यास्ना हात मी धरसू का तुन्हा शेठ धरी?"

"माय, तासाभराचा तर प्रश्न..."

"हेलिकॉप्टरमां कितला?" त्यांनी वाल्मिकला विचारलं.

वाल्मिक चाचरला. "कंपनीचा नियम आहे, माय. एम्प्लॉयीलाच..."

"म्हंजे तू."

"म्हणजे, हो."

शोभाबाईंनी मुलीकडे पाहिलं. "उज्जा, आते दारशी कोनती गाडी उभी शे?"

"अँब्युलन्स."

"तीमां माले बसू देतस?"

"हो माय. तुला, मला, सगळ्यांना."

"मंग तीमां टाका त्यास्ले. चाला."

विषय संपला. हवा, जंतू, कवटी, पाकीट, यातलं एक अक्षर त्यांच्या कानात शिरलं नव्हतं. जे डॉक्टरांनी फिल्म दाखवून सांगितलं, जे उज्ज्वलाने घसा फोडून सांगितलं, ते ठरलं ते शेवटी बसायच्या जागेवरून. उज्ज्वलाला क्षणभर आईला ओरडून सांगावंसं वाटलं की कारण हे नाही, कारण वेगळं आहे! मग तिने ओठ मिटले आणि स्ट्रेचर आणायला धावली. या घरात बरोबर गोष्ट होत असेल तर ती कुठल्या कारणाने होते ते विचारू नये.

"ताई," जिन्यात योगराज तिला गाठून म्हणाला. आवाज खाली आला होता, म्हणून जास्त बोचला. "माय भोळी आहे. हे तू केलंस. वाटेत काही झालं तर लक्षात ठेव, हे तू केलंस."

वाल्मिक त्याच्या मागे उभा होता. "भाऊ बरोबर बोलतोय, ताई," तो म्हणाला.

दोन वर्षांनी त्याने योगराजला भाऊ म्हटलं होतं.

अँब्युलन्सवर भटू नावाचा ड्रायव्हर होता. दोघे भाऊ तिच्यात बसले नाहीत, ट्रेनने येतो म्हणाले. डॉक्टर मानसीने त्याला बजावलं होतं की चाळीसच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही. उधना, सचिन ओलांडून गाडी पळसाण्याच्या चौकात हायवेला लागली तेव्हा उन्हं चढली होती. साखर कारखान्यांचा हंगाम. बारडोलीकडून उसाचे ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाड्या, सगळं एकाच रस्त्यावर. पुढच्या ट्रॉलीतून ऊस रस्त्यावर सांडत होता आणि त्यावरून जाताना गाडी कडकड वाजत होती. प्रत्येक धक्क्याला उज्ज्वलाचे दोन्ही हात आप्पांच्या डोक्याच्या दोन बाजूंना जात.

आप्पा तिच्याशी बोलत नव्हते. रुसले होते.

"आप्पा, पाणी हवंय?"

आप्पांनी डोळा मिटला.

"शिंक आली तर सांगा, दाबू नका, तोंड उघडं ठेवा. आणि नाक शिंकरायचं नाही, आप्पा. डॉक्टरांनी दहा वेळा सांगितलंय."

"नाक मन्हं शे," आप्पा शोभाबाईंना म्हणाले.

चिखली गेली, वलसाड गेलं. शोभाबाई त्यांचा हात धरून बसल्या होत्या. झोप लागली तरी त्यांनी हात सोडला नाही. मानसी दर थोड्या वेळाने आप्पांच्या उघड्या डोळ्यात बॅटरी मारे, बोटं दाबायला सांगे, नाव विचारी. आप्पा तिला व्यवस्थित उत्तरं देत. एकदा तर तिच्या लग्नाचीही चौकशी केली.

वापीच्या अलीकडे सगळं थांबलं.

पुढे एक टँकर आडवा झाला होता. दोन्हीकडे ट्रकांची रांग, मध्ये रिकामी जागा नाही. भटूने सायरन वाजवला. पुढचा ट्रक हललासुद्धा नाही; त्याचा ड्रायव्हर खाली उतरून बिडी ओढत होता. गाडीत उकडायला लागलं. अर्धा तास गेला असेल, आणि आप्पा एकदम गप्प झाले. आधीही ते उज्ज्वलाशी गप्पच होते, पण हे गप्प राहणं वेगळं होतं. मानसीने नाव विचारलं. उत्तर आलं नाही. तिने खांदा हलवून पुन्हा विचारलं.

"मगन," ते उशिरा म्हणाले, आणि ओकले.

मानसीने चपळाईने त्यांना कुशीवर घेतलं, तोंड साफ केलं, नाडी धरली. मग तिने इंजेक्शन भरलं. "आपल्याला निघायला हवं," ती हळूच म्हणाली. "इथे थांबून नाही चालणार."

छगनशेठचं विमान आतापर्यंत मुंबईला पोचलंही असतं. ते पाकीट खरंच फुगलं असतं का? की फक्त एका म्हाताऱ्या डॉक्टरची भीती होती ती? उज्ज्वलाने खिडकीतून वर पाहिलं. आभाळ मोकळं, निळं, कुठे एक ट्रकही नाही.

पुढच्या सीटवरून सुकदेव वळून म्हणाला, "मी काय म्हणतो, योगराजभाऊंचं म्हणणं अगदीच..."

"उतरा," उज्ज्वला म्हणाली.

"काय?"

"खाली उतरा! सगळ्यांचं बरोबर असतं ना तुमच्या मते? जा, त्या ट्रकवाल्यांना सांगा त्यांचंही बरोबर आहे! माझा बाप मरतोय इथे आणि तुम्ही अजून कुणाकुणाचं म्हणणं समजून घेताय! काहीतरी करा, नाहीतर घरी जा!"

लग्नाच्या इतक्या वर्षांत ती त्याच्यावर अशी ओरडली नव्हती. शोभाबाई जाग्या झाल्या. सुकदेवने चष्मा काढला, खिशात ठेवला आणि दार उघडून उतरला.

मग त्यांना त्याचा आवाज ऐकू आला. आधी कुणाचा आहे ते उज्ज्वलाला ओळखू आलं नाही. शाळेत प्रार्थनेलाही ज्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत जात नसे, तो माणूस बिडी ओढणाऱ्या ड्रायव्हरच्या अंगावर धावून जाऊन अहिराणीत, हिंदीत, गुजरातीत, येईल त्या भाषेत शिव्या घालत होता. "हटा! अंदर आदमी मरी ऱ्हायना! तेरा बाप होता तो?" त्याने ट्रकच्या बॉनेटवर चप्पल आपटली. लोक जमले. कुणीतरी ट्रक मागे घेतला, मग दुसऱ्याने. सुकदेव गाडीच्या पुढे पुढे धावत होता, दोन्ही हात पसरून, शर्ट बाहेर आलेला, एकेकाला बाजूला करत. भटू त्याच्या मागून गाडी काढत होता, रस्त्याखालच्या मातीवरून, इंचाइंचाने. टँकर ओलांडला तेव्हा सुकदेव धापा टाकत परत सीटवर बसला. त्याच्या एका पायात चप्पल नव्हती.

उज्ज्वलाने पाण्याची बाटली पुढे केली. त्याने घेतली.

मुंबईत पोचायला दिवेलागण झाली. दवाखान्याच्या पायऱ्यांवर योगराज आणि वाल्मिक उभे होते. दुपारची गाडी पकडून केव्हाचे आले होते. एकाच पुडीतून दोघे शेंगदाणे खात होते.

"एवढा उशीर?" योगराज म्हणाला.

"आम्ही किती वेळ वाट बघतोय," वाल्मिक म्हणाला.

उज्ज्वला त्यांच्या मधून स्ट्रेचरबरोबर आत गेली. त्यांना उत्तर द्यायचं तर आधी थांबावं लागलं असतं.

शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. आवरण शिवलं गेलं, नाकातलं पाणी थांबलं, जंतू शिरले नव्हते. उजवा डोळा मात्र गेला. त्यावर योगराजचा निकाल तयारच होता.

"विमानाने आणलं असतं तर डोळा वाचला असता."

उज्ज्वला मुंबईच्या सर्जनना विचारायला गेली. डोळ्याची नस धोटा लागला त्याच क्षणी गेली होती, ते म्हणाले. वापीला ओकारी झाली ती हवा थोडी वाढली म्हणून. "विमानात जास्त वाढली असती?" तिने विचारलं. "बहुधा. पण तुम्ही विमानाने आणलं नाहीत, त्यामुळे खात्रीने कसं सांगू?" हे उत्तर तिने भावांना सांगितलं. त्यांनी त्यातला 'बहुधा' तेवढा धरला.

आठवडाभर कल्याण, भांडुपकडचे खान्देशी नातेवाईक भेटीला येत राहिले, आणि योगराज आणि वाल्मिक बाहेरच्या बाकावर शेजारी शेजारी बसून प्रत्येकाला तेच सांगत. विमान तयार होतं, हेलिकॉप्टरही तयार होतं, पण ताईने ऐकलं नाही. एकाचं वाक्य दुसरा पुरं करी. शोभाबाईंना कुणी विचारलं तर त्या म्हणत, "माले काय समजस? उज्जानी सांगं, आम्ही निघनूत." हे ऐकल्यावर उज्ज्वलाने आईकडे असं पाहिलं, की शोभाबाई लगबगीने चहाचे कप गोळा करायला लागल्या.

रविवारी आप्पांचे मावसभाऊ विठ्ठलनाना आले. नव्वदीकडे झुकलेले, कानाने कमी, भावकीतले सगळ्यांत मोठे. सगळे खोलीत जमले. नानांनी आप्पांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मोठ्याने विचारलं, "मगन, इमान सोडीसन सडकनी उना म्हनतस? कोनी ठरायं असं?"

योगराजने तोंड उघडलं.

"मी ठरायं," आप्पा म्हणाले.

नाना कानाला हात लावून पुढे वाकले.

"दोन-दोन इमानं उभी व्हतीत, नाना," आप्पा उशीवर जरा वर सरकले. "एक मोठा पोऱ्यानं, एक धाकलानं. पोऱ्ये बिचारा पाय धरेत मन्हा, आप्पा बसा, आप्पा बसा. मी सांगं, डोकं मन्हं शे. डोकामां हवा शिरेल शे, वर गये ते फुगी. पाकीट फुगस ना घाटमां? तसं. मी सांगं, सडकवरथून जासू. आनि जावाई आसा, नाना, वापीले एकला मानूसनी शंभर ट्रक हटायात!"

"वा रे पठ्ठ्या!" नाना म्हणाले. "हुशार भो तू."

शंभर ट्रक! सुकदेव लाजून खाली पाहायला लागला. योगराज आणि वाल्मिक एकमेकांकडे पाहत राहिले. आप्पांच्या या गोष्टीतही विमानं आणणारे मुलगे ते होतेच. खोडून काढावं तर नानांसमोर बाप खोटा ठरत होता. योगराजने मान हलवली. "आप्पांनी ऐकलंच नाही आमचं," तो हळूच म्हणाला. वाल्मिकनेही मान हलवली.

उज्ज्वला कोपऱ्यात स्टुलावर मोसंबी सोलत बसली होती. तिने रागाने मान वर केली. तेव्हा आप्पांचा एकच उरलेला डोळा थेट तिच्याकडे पाहत होता, अगदी निर्लज्जपणे, आणि त्या नजरेत किती समजून उमजून आहे आणि किती नुसती बढाई, ते तिला काही केल्या ओळखता येईना.

"काय व, उज्जा," ते म्हणाले. "खरं शे ना?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"हो आप्पा," उज्ज्वला म्हणाली, आणि मोसंबीची फोड, जरा जोरातच, त्यांच्या तोंडात कोंबली.